वेशीबाहेरचे घाट आणि दुचाकी

दहीहांडा वेस आणि अगर वेस ही नावे जुन्या शहरातील माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतात. पण ती मुळात रस्त्यांची नावे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. वेशीला नाव पडते ते ती ज्या गावाकडे उघडते त्या गावाचे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड १६९७ च्या सुमारास उभा राहिला. तेव्हापासून मोर्णेकाठच्या या गावाने आपल्या तटाच्या दारांवर बाहेरच्या जगाचा नकाशाच लिहून ठेवला म्हणावयाचे. तट पडला, दगडी पुलापलीकडे नवे शहर वाढले, आणि वेशी रस्त्याच्या मधोमध अवघडून उभ्या राहिल्या. या वेशींतून निघून डोंगराकडे जाणारे रस्ते कोणी केले, कोणासाठी केले, आणि त्यांवर दुचाकी केव्हा आली, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुण्याकडील सायकलवाले आम्हांस म्हणतात, "तुमचे वऱ्हाड म्हणजे ताटासारखे सपाट. तिथे सायकल कुठेही न्यावी, पण घाटाची मजा नाही." ताट म्हणतात ते खरेच, मात्र ताटाला काठ असतो हे ते विसरतात. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराचा पसारा, या दोहोंच्या मधली पूर्णेची खोलगट पट्टी म्हणजे आपले अकोला. जुन्या कागदपत्रांत या पट्टीला पाइनघाट आणि दक्षिणेकडील उंचवट्याला बालाघाट म्हटले आहे. पाइन म्हणजे खालचा, बाला म्हणजे वरचा. फारसी दफ्तर लिहिणाऱ्यांनी सगळ्या प्रांताची वाटणी घाटावरून केली, यातच घाटाचे महत्त्व आले. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच. वाशीम साडेपाचशेच्या आसपास. नरनाळा साडेनऊशेच्या वर. आणि चिखलदरा १,११८. बोरघाटाइतका एकदम उभा कडा आपल्याकडे नाही हे कबूल, पण चढ नाही असे कोणी म्हणू नये.

रस्त्याचा चढ हा ज्याच्यासाठी रस्ता झाला त्याच्या पायांवर अवलंबून असतो, ही गोष्ट इतिहासकार क्वचितच सांगतात. पाठीवर गोणी घेतलेला बैल बऱ्यापैकी उभा चढ चढतो. त्याला वाट अरुंद चालते, दगडधोंडा चालतो. शेकडो वर्षे बालाघाटावरून धान्य खाली आणि मीठ वर नेणारे बंजारा तांडे याच वाटांनी गेले. पोहरादेवीच्या यात्रेला आजही लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे या प्रदेशाशी त्या लोकांचे नाते किती जुने आहे ते कळते. गाडीचे तसे नाही. भरलेली बैलगाडी उभ्या चढावर मागे सरकते, आणि उतारावर बैलांच्या अंगावर येते. म्हणून गाडीरस्त्याला वळणे घ्यावी लागतात. आज आपल्या देशात डोंगरी रस्ता आखताना वीस हात चालीमागे एक हात चढ, हे साधारण प्रमाण धरतात. सायकलला नेमका हाच चढ मानवतो. सायकलवाल्याला वाटते की रस्ता आपल्यासाठी आहे. वस्तुतः तो बैलाच्या खांद्याचा विचार करून झालेला असतो.

गाडीहून जड आणि हट्टी अशी एक वस्तू आहे: तोफ. आपल्या उत्तरेच्या डोंगरात चाकासाठी रस्ता फोडल्याची ठळक हकीकत तोफांचीच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हारा-अकोट भागात अडगावला वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांचे घोडदळही त्या दिवशी तेथे होते. पराभूत फौजेचा एक भाग गाविलगडावर गेला. किल्ल्याची दक्षिण बाजू अभेद्य. उत्तरेकडून हल्ला करावयाचा तर अवजड तोफा डोंगरातून फिरवून वर न्याव्या लागणार. हे काम कर्नल स्टीव्हन्सनकडे आले. ७ डिसेंबरला एलिचपुराहून (आजचे अचलपूर) तो निघाला, धामणगावावरून डोंगरात शिरला आणि १२ तारखेस लबाड्याला किल्ल्याच्या उत्तर अंगास पोचला. अंतर सुमारे तीस मैल. बहुतेक ठिकाणी रस्ता नव्हताच, तो करीत जावयाचे आणि माणसांनी हातांनी तोफा ओढावयाच्या, असे ते सहा दिवस गेले. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला, आणि १७ तारखेस देवगावचा तह झाला. शिंद्यांचा तह ३० तारखेस झाला तो आपल्या अंजनगाव-सुर्जीचा. मराठी राज्याच्या अखेरीचे दोन मोठे करार याच डोंगराच्या पायथ्याशी लिहिले गेले.

इतिहासाच्या पुस्तकांत गाविलगडचा वेढा दोन ओळींत संपतो. त्या सहा दिवसांत दोरखंड कोणाच्या हातात होते, त्यांतले किती परत गेले, याला पुस्तकात जागा नसते. दिवसाला पाच मैल हा त्यांचा वेग होता. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जागतिक विक्रम करण्यात आला. पहिल्या रस्त्याची ना पाटी आहे ना विक्रम.

गाविलगडानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदरा 'शोधून काढला' असे लिहितात. कोरकू तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, गवळ्यांची गुरे चरत होती, आणि साहेब वर गेला तो त्यांच्याच पायवाटेने. पण शोध मात्र साहेबाचा! असो. थंड हवेचे ठिकाण सापडले म्हणजे तेथवर रस्ता येतोच. धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढणारा रस्ता आज सायकलवाल्यांना फार प्रिय आहे. अचलपूरची उंची सुमारे ३७० मीटर. म्हणजे साडेसातशे मीटर चढून जावयाचे.

दक्षिणेच्या रस्त्याची कथा निराळी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेची एक छावणी एलिचपूरला, दुसरी हिंगोलीला: ताटाच्या दोन अंगांना एकेक. मधून पलटणींची ये-जा चालली की अकोला, पातूर, मेडशी, वाशीम, हिंगोली ही वाट कशी बांधीव झाली असेल ते निराळे सांगावयास नको. आणि फौजेच्या मागोमाग आला कापूस. त्याआधी, १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस पश्चिम किनाऱ्याकडे पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा तो पाचशे बैलांच्या पाठीवर गेला. अमरावतीचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला, सुमारे पाचशे मैल नेत. वाटेत पाऊस लागला की गोणी पाणी पिई, बैल बसत, आणि व्यापारी कपाळाला हात लावी. १८६१ पासून अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरला कापूस मिळेना; त्या टंचाईत वऱ्हाड एकाएकी जगाच्या नकाशावर आले. १८६७ पर्यंत आगगाडी अकोल्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा झाली. पूर्वी मुंबईकडे किंवा मिर्झापूरकडे पाहणारे रस्ते आता आगगाडीच्या स्टेशनाकडे तोंड करून बसले. अकोटचा माल दक्षिणेला अकोल्यास, वाशीमचा उत्तरेला अकोल्यास. आपल्या गावाहून उत्तरेस आणि दक्षिणेस निघणारे रस्ते जोमात, आणि आडवे रस्ते कितीतरी काळ पांदणीच राहिले, याचे कारण हे आहे.

पांदण म्हणजे काय ते शहरात वाढलेल्या मुलांना आता सांगावे लागते. दोन धुऱ्यांमधून जाणारी, गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेली वाट. आपली काळी माती कापसाला जितकी मायाळू तितकीच रस्त्याला वैरी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात दुभंगते. तिच्यावर घातलेली खडी ती गिळून टाकते. मृगापासून दिवाळीपर्यंत गाव जगापासून तुटे. अशा मातीत सायकल नेण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला ठाऊक आहे की दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो, आणि मग माणूस सायकलवर नसून सायकल माणसावर असते. म्हणूनच मुरमाड डोंगरी रस्ता काळीपेक्षा सायकलला बरा. चढ दमवतो, पण चिखलासारखा अडवीत नाही.

आता दुचाकीकडे वळू. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी 'सेफ्टी' काढली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव बसविली. तेव्हापासून ही गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. आवाक्यात म्हणजे अर्थात विलायतेत. आपल्याकडे रॅले, हंबर, बी. एस. ए. या जहाजाने येणाऱ्या वस्तू होत्या, त्या वकील, डॉक्टर आणि अधिकारी यांच्या दारात दिसत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये परत आले, तेव्हा खेड्यातल्या माणसाने सायकल जेमतेम पाहिली होती. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो, असे कारखाने निघाले आणि काळी, दणकट, वीस किलोंची सायकल शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या हाती आली. नगरपालिकांचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसला तर शिपायाची शिट्टी, तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल आणि तिचे नेमके उतरणारे साखळे, या गोष्टी आठवणारी मंडळी अजून आपल्यात पुष्कळ आहेत.

आमच्या मते आपल्या प्रांताच्या इतिहासात या काळ्या सायकलची योग्य दखल घेतली गेलेली नाही. तोफेसाठी रस्ता झाला, पलटणीसाठी झाला, कापसासाठी झाला, साहेबाच्या उन्हाळ्यासाठी झाला. ज्या गावातून तो गेला त्या गावच्या माणसासाठी तो झाला नव्हता. तो माणूस कडेने पायी चालत होता. स्वतःच्या मर्जीने, बैलाला वैरण न घालता आणि कोणाच्या गाडीत जागा न मागता, तालुक्याला जाऊन संध्याकाळी घरी परत येण्याची सोय त्याला पहिल्यांदा या दुचाकीने दिली. मोटारगाड्यांची सेवा सुरू झाली तरी तिची वेळ तिची होती; सायकलची वेळ आपली.

घाटात मात्र तो खाली उतरे. पुढचे चक्र चव्वेचाळीस दात्यांचे, मागचे अठराचे; पायडलचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर रस्ता. एवढे अंतर एका दमात, आणि तेही चढावर, मागे पोते बांधून? शहाणा माणूस उतरून हाताने सायकल ढकली. यात लाजण्यासारखे काही नाही. फ्रान्सची प्रदक्षिणा-शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९१० मध्ये आयोजकांनी ती प्रथम पिरेनीज पर्वताच्या मोठ्या घाटांवरून नेली. २,११५ मीटर उंचीच्या तुर्माले घाटाची पाहणी करावयास गेलेला त्यांचा माणूस बर्फात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि त्याने तार केली की रस्ता उत्तम आहे, अशी आख्यायिका सांगतात. (सार्वजनिक कामांचे अहवाल सगळीकडे सारखेच लिहिले जातात असे दिसते.) त्या शर्यतीतले जगज्जेतेही घाटात उतरून चालले आहेत, चालत्या गाडीत दाते बदलण्याची सोय त्यांना १९३७ मध्ये मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरावयाचे, मागचे चाक काढून उलटे बसवावयाचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे चक्र लागे, आणि पुढे चढावयाचे. दुचाकीने घाट जिंकला तो माणसाच्या मांडीने नव्हे, चक्राच्या दात्यांनी जिंकला.

आणि तसा हिशेब केला तर घाट फार महाग नाही. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, अकोला ते वाशीम चढ पावणेतीनशे मीटर धरला, आणि शरीराला मिळणाऱ्या अन्नापैकी चौथा हिस्साच कामी येतो हे ध्यानात घेतले, तर निव्वळ वर चढण्याचा खर्च दोनशे उष्मांकांच्या आसपास येतो. एका ज्वारीच्या भाकरीवर माणूस पाइनघाटातून बालाघाटावर जातो! वारा, उतार-चढ आणि रस्त्याचे घर्षण यांच्या भाकरी वेगळ्या मोजाव्या लागतील ही गोष्ट निराळी.

रस्ते असे आहेत. उत्तरेकडे अकोट सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. श्रावणात राजराजेश्वराला अभिषेकाचे पाणी कावडीतून येते ते याच घाटावरून. आपल्या भाषेत नदीचाही घाट आणि डोंगराचाही घाट, आणि या रस्त्यावर दोन्ही भेटतात. हा सारा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे पण ते तोंडात धरवत नाही. एप्रिल १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडावयाला वऱ्हाडला समुद्र नव्हता, तेव्हा सत्याग्रहींनी दहीहांड्याचे खारे विहिरीचे पाणी आटवून मीठ केले. सायकलवाल्याने याचा बोध एवढाच घ्यावा की बाटल्या अकोल्यातच भरून घ्याव्यात. अकोटपुढे जमीन उचलू लागते, शहानूर गाठले की नरनाळा डोक्यावर येतो. १४८७ चा लेख असलेला महाकाळी दरवाजा पाहावयाचा तर पुढचा चढ वनखात्याच्या नियमांप्रमाणेच चढावा लागतो. याच डोंगरात पश्चिमेला धूळघाटाजवळ अकोला-खांडवा लोहमार्गाने चढ कमी करण्यासाठी स्वतःवरूनच वेटोळे घेतले होते. अरुंद रुळांची ती गाडी २०१७ च्या सुमारास थांबली. नव्या रुळांनी वाघाच्या जंगलातून जावे की वळसा घ्यावा, यावर बराच वाद झाला.

पूर्वेच्या अंगाला बार्शीटाकळी आणि पुढे महानचे काटेपूर्णा धरण. चढ सौम्य, झाडी बरी, आणि बार्शीटाकळीला यादवकालीन देवळाच्या सावलीत टेकता येते. नवशिक्याने येथून सुरुवात करावी.

राहिला पातूरचा रस्ता, आणि आमच्या मनात खरी काळजी आहे ती त्याची. अकोला ते पातूर बत्तीस किलोमीटर. पुढे घाट चढून मेडशी, मालेगाव, वाशीम. बंजाऱ्यांच्या बैलांपासून कंटिन्जंटच्या पलटणीपर्यंत सर्वांनी वापरलेली ही वाट आता नांदेडवरून तेलंगणात जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाली आहे. रस्ता चौपदरी झाला, मालमोटारी वेगाने धावू लागल्या, वाशीम जवळ आले. याचा आनंद न मानणारा माणूस वेडाच म्हणावा लागेल. प्रसूतीची बाई किंवा अपघाताचा माणूस अकोल्याच्या दवाखान्यात तासभर आधी पोचतो ही काही लहान गोष्ट नव्हे. पण रुंद रस्त्याची मोजणी करताना जो कडेने जातो त्याची मोजणी होत नाही. शेतावरून पातूरला सायकलने येणारा मजूर, दुधाच्या कॅन लटकावलेला माणूस, शाळेच्या मुली, यांना दुभाजकापलीकडे जाण्यासाठी एक तर दूरवरच्या फटीपर्यंत जावे लागते किंवा उलट्या दिशेने वाहनांच्या तोंडावर चालावे लागते. मोटारवाले त्यांना बेशिस्त म्हणतात. रस्ता ज्याने आखला त्याच्या शिस्तीत त्यांना जागाच नव्हती, हे कोणी म्हणत नाही.

घाटात कडेला दीड मीटरची पट्टी, खडी न साचलेली आणि गाड्यांना उभे राहण्याची मनाई असलेली, एवढी मागणी काही अवाजवी नव्हे. चढाच्या अंगाला ती आधी हवी. कारण उतारावर सायकल वाहनांच्या वेगाच्या जवळ येते, चढावर ती पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते आणि डोलते. जुन्या रस्त्याचे जे तुकडे बाह्यवळणांमुळे महामार्गातून सुटले आहेत ते गावांनी आणि बांधकाम खात्याने खड्डे पडू न देता राखले, तर निम्मी वाट तशीच मोकळी मिळेल. मानव विकास कार्यक्रमातून दुर्गम तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. सायकल दिली तिथे तिच्यापुरता रस्ताही द्यावा हे ओघानेच आले. दर वर्षी शेगावहून पंढरीला निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून वाडेगाव, पातूर, मेडशी करीत याच घाटाने बालाघाटावर चढते. त्या दिवसांत घाटातील वाहने थोपवितात, दिंडीला अर्धा रस्ता मोकळा मिळतो, आणि मालमोटारीवाले मुकाट्याने उभे राहतात. पालखी मेडशीच्या पुढे गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी पातूरचा दूधवाला पुन्हा पांढऱ्या रेघेच्या बाहेर, खडीवरून, आपली सायकल सांभाळीत वर चढू लागतो.